तुरळक ठिकाणी

आम्हा गोंयकारांना मार्चमध्ये आकाशाची काळजी असते ती आंब्या-काजूपायी. मळभ आले की मोहर करपणार, म्हणून घरातली जुनी माणसे गप्प होतात. होळीनंतर एकदा बालाघाटला गेलो, तर तिथे सगळे आकाशाकडे पाहत होते ते मोहफुलांसाठी.

वैनगंगेकाठचा हा मुलूख. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती, मग ती भोपाळला गेली. गंमत म्हणजे हवामानखात्याच्या लेखी मध्य प्रदेश अजून नागपूरच्याच प्रादेशिक केंद्राकडे आहे! भाषेचेही तसेच. मी उतरलो होतो त्या घरातल्या आजी वैदर्भी वळणाची मराठी बोलत.

मोहाची फुले पहाटे गळतात. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. मग फुले अंगणात पसरायची, आणि चार-पाच दिवस कडक ऊन हवे. पिवळट रसाळ फूल सुकून मनुकेसारखे होते. त्यात एक सर आली की फुले काळी पडतात, बुरशी धरते, व्यापारी भाव पाडतो. महिन्याभराची कमाई ती!

मी आजींना पुढच्या आठवड्याचा अंदाज वाचून दाखवला. पूर्व मध्य प्रदेशात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, गारपिटीची शक्यता. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकतो, बंगालच्या उपसागरावरून दमट वारा येतो, आणि दुपारच्या तापल्या जमिनीवर ढग उभे राहतात, असे काहीसे मी समजावलेही.

"तुरळक म्हंजे आपल्या अंगणात का जी?"

आता काय सांगावे? हवामानखात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. हिशेब चोख आहे, माझी तक्रार नाही. पण अंगणाला पंचवीस टक्के पाऊस पडत नसतो. पडतो, किंवा पडत नाही.

आजींनी चार वाजताच फुले गोळा केली. सूनबाईने ताडपत्री आणली, मीही दोन टोपल्या उचलल्या. रात्री लांजीच्या बाजूला विजा चमकत राहिल्या. वारा सुटला, कौले खडखडली. आजी दारातच बसून होत्या. आमच्याकडे थेंबही नाही.

सकाळी फुले पुन्हा अंगणात पसरली. चहा देताना आजींनी विचारले, "आज काय म्हणते तुमचा मोबाईल, भाऊ?"

मी पाहिले. तुरळक ठिकाणी.