मलपृष्ठावरचे शंभर-सव्वाशे शब्द

कादंबरीची शेवटची प्रुफं तपासून होतात, मुखपृष्ठाचं चित्र ठरतं, पानं पक्की झाल्यामुळे कण्याची रुंदीही कळते. अडून राहतं ते मलपृष्ठ. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ सलग एकाच कागदावर छापायचे असल्याने मलपृष्ठावरचा मजकूर, म्हणजे ब्लर्ब, हाती आल्याशिवाय कव्हर छापायला जात नाही. संपादनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे, तरी तीनशे पानांच्या हस्तलिखितापेक्षा हा शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर मला आजही जड जातो.

तोवर कादंबरी माझ्या अंगात मुरलेली असते, अडचण तीच. लेखकाची तर याहून मोठी. त्याला विचारावं तर तो नायकाच्या आजोबांपासून सुरुवात करतो, कारण त्याच्या लेखी त्यातलं काहीच गाळण्याजोगं नसतं. वाचक मात्र पूर्ण कोरा असतो. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात तो पुस्तक उचलतो, उलटं करतो, चार ओळी वाचतो, किंमत बघतो आणि मगच आतलं एखादं पान उघडतो. त्या चार ओळी त्याच्यासाठी लिहायच्या असतात.

पहिल्या खर्ड्यात विशेषणं आपसूक येतात. ‘मानवी नात्यांचा वेध घेणारी’, ‘अंतर्मुख करणारी’, ‘विदारक वास्तव मांडणारी’. अशा प्रत्येक वाक्याला मी एकच कसोटी लावते: हे वाक्य दुसऱ्या कादंबरीच्या पाठीवर चालेल का? चालत असेल तर ते खोडायचं. बहुतेक वेळा सगळा परिच्छेदच जातो आणि मग खरं काम सुरू होतं.

उमेदवारी करणाऱ्यांना मी जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्यांचे ब्लर्ब नव्याने लिहायला लावते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. ती 1939 साली आली. ‘बोटीवर फुललेली एक प्रेमकथा’ असं लिहिलं तर खोटं ठरत नाही, पण वाचकाची फसवणूक होते. चक्रधर भारतात परततो आहे. हॅर्टा ज्यू आहे, जर्मनीतून परागंदा झालेली. प्रवास संपेल तेव्हा त्याला घर आहे, तिला नाही. ही तफावत सांगितली की पुरे. पुढे काय होतं ते सांगायचं नाही. पेच दाखवायचा, तो सुटतो की आणखी घट्ट होतो हे वाचकावर सोडायचं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याहून अवघड. 1955 साली आलेल्या या कादंबरीत बांधेसूद कथानक शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. मुलं ‘एका तरुण मास्तरची गोष्ट’ असं लिहून आणतात. पण ती मास्तरची कुठे आहे? ती त्या धनगरवाडीची आहे. मास्तर केवळ आपल्याला तिथे घेऊन जातो. अशा वेळी घटना मोजत बसू नये. उजाड माळ, मेंढरांमागे जाणारी पोरं आणि शाळा भरवायला आलेला परका पोरसवदा मास्तर, एवढं समोर उभं केलं की वाडी स्वतःच बोलू लागते. दुष्काळ मात्र राखून ठेवायचा.

आणि ‘कोसला’? तिथे प्रश्न आवाजाचा. 1963 साली या कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर ज्या तऱ्हेने बोलू लागला, ते पाहता तिच्या पाठीवर सभेतल्या भाषणासारखा भारदस्त मजकूर छापला तर पहिल्याच पानावर वाचक गोंधळेल. ब्लर्बने निवेदकाची नक्कल करू नये, पण त्याच्या शेजारी उभं राहता येईल इतकी ब्लर्बची भाषा साधी हवी.

हल्ली ऑनलाइन दुकानांत हाच मजकूर जसाच्या तसा जातो आणि पुष्कळदा पडद्यावर त्याच्या दोन-तीन ओळीच दिसतात. म्हणून पहिलं वाक्य एकट्याने उभं राहील असं लिहावं लागतं. त्यात माणूस असावा, जागा असावी आणि काहीतरी बिनसलेलं असावं. ‘आणि मग असं काही घडतं की...’ ही ओळ मी कधीच ठेवत नाही. लिहिणाऱ्याला पेच नेमका सापडला नाही की तो टिंबांचा आधार घेतो. पेच सापडेपर्यंत पुन्हा हस्तलिखिताकडे जावं लागतं, आणि तो बहुधा लेखकाने मोठ्याने सांगितलेल्या जागी नसतो. एखाद्या साध्या संवादात, कुणीतरी उत्तर द्यायचं टाळतं तिथे असतो.

ब्लर्ब ही जाहिरात आहे हे मला मान्य आहे. पुस्तक खपायला हवं. लेखकाची काही वर्षं आणि प्रकाशकाचे पैसे त्यात गुंतलेले असतात. पण ती वाचकाला दिलेली जबानही आहे, आणि ती पाळायची आहे पुस्तकाने. म्हणून शेवटची परीक्षा मी वाचून झालेल्या वाचकाची घेते. कादंबरी संपवून त्याने पुस्तक मिटलं आणि मलपृष्ठ पुन्हा वाचलं, तर त्यातला शब्दन् शब्द त्याला खरा वाटला पाहिजे, आणि पहिल्यापेक्षा जास्त कळला पाहिजे. तसं होत नसेल तर छपाई एक दिवस थांबवायला मी प्रकाशकाला सांगते.