धूसर

नातीने परवा माझे कासचे जुने फोटो संगणकावर 'सुधारून' दिले. कृती सोपी आहे हो! मूळ फोटोची एक प्रत त्याच्यावरच ठेवायची, ती पुसट करायची आणि मग अर्धपारदर्शक करायची. खालचा रेखीवपणा थोडा उरतो, वर उजेडाची साय धरते. सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा तर असा दिसू लागला, की हा मी काढलाय यावर माझाच विश्वास बसेना.

पण दवबिंदूच्या फोटोवर तिने तेच केलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. अगं, त्या तांबड्या केसांच्या टोकावरचा एकेक चिकट थेंब म्हणजे किड्यांसाठी मांडलेला सापळा! तोच विरघळला तर उरलं काय? गुलाबी डाग. तो फोटो मी होता तसा करून घेतला.

गालिच्याचा मात्र राहू दिलाय. २०१४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं कासला गेलो होतो. "सगळं धुरकट दिसतंय," असं ही सारखी म्हणत होती. "कासला धुकं नाही तर काय असणार?" म्हणून मी हसण्यावारी नेलं. धुकं खरं तर केव्हाच उठलं होतं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रिया झाली, लख्ख दिसू लागलं; पण पुन्हा कासला जायचं राहून गेलं, आणि आता ती नाही.

तिने पाहिलेलं कास बहुधा या फोटोसारखं असेल. नातीला हे बोललो नाही. तिला वाटतंय, आजोबांना इफेक्ट आवडला.