हात न जोडणाऱ्या सरांना

प्रिय सर,

सप्रेम नमस्कार. हा शब्द लिहिताना क्षणभर थांबले. पण हा नमस्कार माणसाने माणसाला केलेला आहे, तेव्हा तो तुम्ही घ्याल, असं वाटतं.

तुमचं नाव मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. आपली ओळख नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही. मीही नाशिकचीच. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. घरात रोज देवापुढे दिवा लावते, सोमवारी कपालेश्वराच्या पायऱ्या चढते, गुडघे दुखत असले तरी. श्रद्धा माझ्यासाठी दिखाव्याची गोष्ट नाही. म्हणूनच हे पत्र मी लिहायला हवं असं वाटत राहिलं, आणि लिहायला इतकी वर्षं लागली.

नोव्हेंबर २०१३ मध्ये तुमची बातमी वाचली. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी तुम्ही उभे राहत होता, पण हात जोडत नव्हता. त्यावरून बेशिस्तीचा ठपका आला आणि बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळायची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. तुम्ही न्यायालयात गेलात. न्या. अभय ओक आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने सांगितलं की शिक्षकाला हात जोडायची सक्ती करणं हा त्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे. बातम्यांत तुमचा उल्लेख 'नास्तिक शिक्षक' असा झाला. त्या दिवशी आमच्या शिक्षक-खोलीत चर्चा झाली ती मात्र निकालाची नव्हती. "एवढे हात जोडले असते तर काय झिजलं असतं?" हेच वाक्य चार जणांनी चार तऱ्हांनी म्हटलं. मी गप्प होते. त्या गप्पपणाचं कारण आज सांगते.

परिपाठाला शिस्तीची जबाबदारी आठवड्यातून दोनदा माझ्याकडे असायची. एकदा सातवीच्या रांगेत एक मुलगा हात खाली सोडून उभा दिसला. दंगा करत नव्हता, इकडेतिकडे बघत नव्हता. नुसता उभा होता. मी जवळ गेले, "हात जोड" म्हटलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग मी त्याचे दोन्ही हात धरले आणि तळव्याला तळवा लावून दाबले. तळवे घामाने ओले होते. मी पाठ फिरवेपर्यंत त्याने ते तसेच ठेवले. प्रार्थना संपल्यावर मी त्याला कारणही विचारलं नाही. शिस्त लावली, एवढंच समाधान घेऊन वर्गावर गेले. तुमची बातमी वाचताना मला ते ओले तळवे आठवले. माझ्या हातांनी त्या दिवशी जे जोडलं त्याला मी प्रार्थना म्हणू शकत नाही, आणि देवाला ते पोचलं असेल असं मानायला माझी श्रद्धाच तयार नाही.

सर, आपल्या गावाचा इतिहास तुमच्याइतका कुणाला उमजला असेल? २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारात दलितांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व होतं, दादासाहेब गायकवाड पुढे होते. त्या माणसांना आत जाऊन हात जोडायचे होते. गावाने दरवाजे लावून घेतले. वर्षं गेली, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्यांना हात जोडायचे होते त्यांना जोडू दिले नाहीत. पाऊणशे वर्षांनी त्याच गावात एक माणूस हात जोडत नाही म्हणून त्याचा पगार अडतो. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की मला एकच दिसतं: राखण देवाची चाललेली नव्हती, हुकमाची चालली होती. कुणी केव्हा वाकायचं हे ठरवायचा हुकूम.

मराठीचा तास घेणाऱ्या बाईला शब्द टोचतात. "नास्तिक आहे, पण माणूस चांगला आहे हो." हे वाक्य आपण कौतुकाने बोलतो. त्यातला 'पण' बघा. "रोज पूजा करतो, पण माणूस चांगला आहे" असं मी एकतीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. पूजा करणाऱ्याचा चांगुलपणा गृहीत असतो, न करणाऱ्याला तो रोज सिद्ध करावा लागतो. जुन्या दर्शनांत तर नास्तिक म्हणजे वेदप्रामाण्य न मानणारा. ईश्वराची गरज न भासलेले सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीत बसले. आपण तो शब्द उचलला आणि शिवीसारखा वापरला.

आणि माणसं मोजतानासुद्धा आपण असंच गृहीत धरतो. २०११च्या जनगणनेला मी प्रगणक होते. दारात उभं राहून आडनाव ऐकायचं आणि धर्माचा रकाना भरून पुढच्या प्रश्नाला जायचं. विचारायचं असतं, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी किती घरी विचारलं नाही ते आता मोजता येणार नाही. त्या जनगणनेत देशभरात सुमारे २८ लाख ६७ हजार माणसांपुढे 'धर्म सांगितला नाही' अशी नोंद झाली. ती सगळी नास्तिक नव्हेत, पण माझ्यासारख्या प्रगणकांनी परस्पर भरलेल्या रकान्यांत किती जण गाडले गेले असतील? तुमच्या निकालानंतर वर्षभराच्या आत, सप्टेंबर २०१४ मध्ये, याच उच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी कागदावर 'माझा कोणताही धर्म नाही' असं लिहायचा माणसाला हक्क आहे. त्या खंडपीठातही न्या. ओक होते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला नव्या शेजारणीने पहिल्याच भेटीत विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चमध्ये जाता? ती म्हणाली, आम्ही हिंदू. शेजारीण निवांत झाली. पण जावई म्हणाला, "मी काहीच मानत नाही," तेव्हा तिचा चेहरा उतरला. परका देव चालतो, देव नसणं चालत नाही. त्या देशाच्या राज्यघटनेत पदासाठी धार्मिक कसोटी लावायला बंदी आहे, तरी टेक्सासच्या राज्यघटनेत सर्वोच्च शक्तीचं अस्तित्व मानण्याची अट आजही कागदावर उभी आहे. मेरीलँडमधल्या टॉर्कासो नावाच्या माणसाने देव मानतो असं म्हणायला नकार दिला म्हणून त्याला नोटरीचं पद नाकारलं, आणि १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अटच बाद ठरवली. १९५८ मध्ये गॅलपच्या पाहणीत नास्तिक उमेदवाराला मत देऊ म्हणणारे शंभरात १८ होते, २०१९ मध्ये ६०. साठ वर्षं लागली, आणि तरी जवळपास चाळीसांची मान तेव्हाही नकारार्थीच हलली.

आपल्याकडे घटना करणारे याबाबतीत फार स्वच्छ विचाराचे होते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी सूचना मांडली. मतदान झालं. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणाऱ्यांत देव मानणारे कितीतरी होते. माझ्यासारखे. पदाची शपथ ईश्वरसाक्ष घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, दोन्ही वाटा त्यांनी सारख्या रुंद ठेवल्या. आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेत ओढता येणार नाही, हे कलम २८ मध्ये लिहून ठेवलं. १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांना याच घटनेने शाळेत परत बसवलं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात नसत, कारण त्यांचा धर्म त्यांना गाऊ देत नव्हता. ती मुलं कट्टर श्रद्धाळू, तुम्ही दुसऱ्या टोकाचे. पण न्यायालयात दोघांनी मागितलं ते एकच.

माझा मामा तुमच्या टोकाचा होता. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 'विवेकजागराचा वाद-संवाद' त्याने पाहिला होता. लागू देव नाही म्हणायचे, दाभोलकर म्हणायचे की चळवळीची ती भूमिका नाही, आणि दोघं एकाच मंचावर बसायचे, याचं मामाला फार अप्रूप. त्याने एका कागदावर लिहून ठेवलं होतं: दहावा नको, पिंड नको, गोदावरीत काही टाकू नका. तो गेला तेव्हा तो कागद सगळ्यांनी वाचला. मीही वाचला. आणि दहाव्या दिवशी आम्ही रामकुंडावर होतो. लोक काय म्हणतील, मामींना सोसायला नको, नंतर रुखरुख नको, अशी कारणं निघत गेली. कावळा शिवेना. तासभर ऊन अंगावर घेत उभे होतो. कुणीतरी म्हणालं, "शेवटपर्यंत हट्टी." कुणी म्हणालं, "काहीतरी इच्छा राहिलीय." इच्छा राहिलीच होती, ती लिहिलेली होती, आणि कागद माझ्या पर्समध्ये होता. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मामी एका बाजूला बसून सगळं पाहत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. तुमचा निकाल त्यानंतर तीन महिन्यांनी आला. त्या तीन महिन्यांत तुम्ही रोज शाळेत कसे गेला असाल याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. साताऱ्यात दाभोलकरांवर कुठलेही विधी न करता अंत्यसंस्कार झाले, मुलीने अग्नी दिला, रक्षा शेतात विखुरली. गोळ्यांनी मारलेल्या माणसाचा शब्द त्याच्या घराने पाळला. आमच्या मामाला वृद्धापकाळाने शांत मरण आलं आणि त्याचा शब्द आम्ही, त्याच्या मायेच्या माणसांनी, दहा दिवसांत मोडला.

सर, तुम्ही कुणाची प्रार्थना थांबवली नाही. तुमच्या शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या कुणाचा देव तुमच्यामुळे कमी झाला नाही. हे मला परिपाठात त्या मुलासमोर कळायला हवं होतं, रामकुंडावर कळायला हवं होतं. तिथे उशीर झाला.

आता मामी शहाऐंशीच्या आहेत. मागच्या महिन्यात मला बोलावून घेतलं. मामाचा तो जुना कागद माझ्याकडून परत मागून घेतला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि त्याच मजकुराचा दुसरा कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला. मामींनी आयुष्यभर वारी चुकवली नाही, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाहीत. "देवावर राग नाही गं," म्हणाल्या, "यांना जे मिळालं नाही, ते मला नको." घरात कुजबुज सुरू झाली आहे. धाकटा मामेभाऊ म्हणतो, म्हातारपणात काहीतरी सुचतं, मनावर घेऊ नका. मी त्याला कागद दाखवला. खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

आपली,
एक निवृत्त बाई
पंचवटी, नाशिक