लिहून दिलेली झोप

डॉक्टर औषध 'देतात' असे आपण क्वचितच म्हणतो; 'लिहून देतात' म्हणतो. ह्या क्रियापदाकडे माझे लक्ष गेले ते गेल्या हिवाळ्यात, हॅनोव्हरमध्ये, आमच्या डॉक्टरबाईंसमोर बसले असताना. पाच महिने मला धड झोप नव्हती. पुण्यात आई वारली, मी वेळेवर पोहोचू शकले नाही, आणि तेव्हापासून पहाटे तीनला जाग येई.

गोळ्या मला नको होत्या. जर्मनीत २०१९ च्या कायद्यामुळे डॉक्टरांना औषधासारखेच ॲपही लिहून देता येते आणि त्याचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अशी पहिली ॲप अधिकृत यादीत आली. त्यात निद्रानाशावरचेही होते. मी तसले ॲप मागितले. बाई थबकल्या. गोळी त्यांनी अर्ध्या मिनिटात लिहिली असती. "गोळीने काय होते ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "हे आतून कसे आहे, मी पाहिलेले नाही."

प्रथम वाटले, ही सनातनी वृत्ती. मग माझ्यातली शिक्षिका त्यांच्या बाजूला गेली. न वाचलेले पुस्तक कोण अभ्यासक्रमाला लावील? (लावतात, हे मी जाणते, पण तो विषय वेगळा.) शिवाय यादीतली काही ॲप तात्पुरत्या मान्यतेवर असतात, परिणामाचा पुरावा त्या मुदतीत गोळा करायचा असतो. अमेरिकेत 'रीसेट' ह्या व्यसनमुक्तीच्या ॲपला २०१७ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये ते काढणारी पेअर थेराप्युटिक्स दिवाळखोरीत गेली. गोळीची कंपनी बुडाली तरी तो रेणू दुसरा कोणी बनवू शकतो. इथे रुग्णाने काय करायचे?

बाईंनीच सांगितले, निदानाचा कागद असेल तर विमा संस्थेकडून ते थेट मिळते, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. मला ते नको होते. कोणीतरी ते माझ्यासाठी लिहावे, असे वाटत होते. का, ते तेव्हा सांगता आले नसते. अखेर त्यांनी लिहिले.

ॲप रोज सकाळी विचारी: अंथरुणावर केव्हा पडलात, शेवटची जाग केव्हा आली? मग त्याने माझे अंथरूणच आखडले. रात्री एकच्या आधी पाठ टेकायची नाही, साडेसहाला उठायचे. दिवसा डोळे मिटत, वर्गात वाक्य अर्ध्यावर तुटे. तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून झोप लागू लागली, हे मान्य केले पाहिजे. मात्र जाग का येते, ह्यासाठी त्या नोंदवहीत रकाना नव्हता.

सहा आठवड्यांनी बाईंनी माझा फोन मागून घेतला आणि सगळ्या नोंदी वाचल्या, अगदी एखादा प्रबंध तपासावा तशा. पहिल्या पंधरवड्यात एकाखाली एक 'तीन' होते. त्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "तीनला काय होते?"

"भावाचा फोन आला होता," मी म्हटले.

त्यांनी काहीही लिहिले नाही. बाहेर बसलेल्यांना त्या दिवशी बराच वेळ थांबावे लागले असावे.