कासावीस

पानशेतच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमचे गाव. गावात मुसलमानांची घरे दोनच. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी दखनी बोलायचो, ओटा उतरला की मावळी मराठी, शाळेत पुस्तकातली मराठी आणि मौलवीसाहेबांपुढे अरबी. ही शेवटची वाचता यायची, कळत नव्हती. चार भाषांत वावरणाऱ्या मुलीला पाचवी काय जड, असे अब्बांना वाटले असावे. बारावीनंतर मी नर्सिंगला जायचे ठरवले, तेव्हा 'परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणार का पोरगी?' असे नातलग विचारू लागले. अब्बांनी त्यांना उत्तर दिले नाही. माझी पत्र्याची पेटी उचलून एसटीत ठेवली. अम्मी एवढेच म्हणाली, "पैले सुनके ले, फिर बोल."

पुण्यातल्या त्या वर्गात पहिल्याच दिवशी कळले की पाचवी भाषा वेगळी आहे. शरीरशास्त्राचे एक पान समजायला शब्दकोश घेऊन अख्खी संध्याकाळ जायची. शेवटी मी सोपा मार्ग धरला. अरबी न कळता वाचायची सवय होतीच, तशीच ती पाने पाठ केली. परीक्षेत पासही झाले. पण वॉर्डात पाठांतर चालत नाही. तिथे केसपेपरवर 'टी.डी.एस.' म्हणजे दिवसातून तीनदा, 'एच.एस.' म्हणजे झोपताना, 'एन.बी.एम.' म्हणजे तोंडाने काहीही द्यायचे नाही. इन्चार्ज सिस्टर भराभर सांगायच्या आणि विचारायच्या, "कळलं?" मी म्हणायची, "हो सिस्टर." गरिबाघरच्या, खेड्यातल्या मुलीला 'हो' म्हणायची फार घाई असते. नाही म्हटले तर ही इथली नव्हेच असे ठरेल, ही भीती.

पहिल्याच वर्षातली एक संध्याकाळ मी विसरलेले नाही. आमच्याच मावळातली एक आजी तापासाठी दाखल होती. साखरेचा आजार जुना. तिने मला खुणेने बोलावले.

"पोरी, बेंबीच्या वर दाटल्यागत होतंय. जीव निस्ता कासावीस होतोय बघ. काय सुधरंना."

मला तिचा शब्द न् शब्द समजला. त्या वॉर्डात बहुधा माझ्याइतका तो कुणालाच समजला नसता. पण नोंद इंग्रजीत करायची होती. 'कासावीस'ला इंग्रजीत काय म्हणतात? 'सुधरंना' कसे लिहायचे? आजीच्या कपाळावरचा घामही मी पाहिला होता, पण वाक्य जुळेना. मला जे स्पेलिंग येत होते ते मी लिहिले : 'पेन इन ॲब्डोमेन.' पोटात दुखते.

कामात बुडालेल्या सिस्टरांनी ती ओळ वाचली, डॉक्टरांना फोनवर तेच सांगितले आणि आजीला आम्लपित्ताचे औषध मिळाले. कुणीही हलगर्जीपणा केला नव्हता. प्रत्येकाने माझ्या ओळीवर विश्वास ठेवला होता.

दोन तासांनी रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. त्यांनी नोंद वाचली आणि मला विचारले, "आजी नेमकं काय म्हणाल्या? त्यांच्याच शब्दांत सांग." मी सांगितले. त्या तडक खाटेपाशी गेल्या, कपाळाला हात लावला आणि ईसीजीचे यंत्र मागवले. हृदयविकाराचा झटका होता. म्हाताऱ्या बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत तो कधी कधी छातीत दुखवत नाही. घाम, मळमळ, पोटाच्या वर दाटणे, जीव घाबरा होणे अशा रूपाने येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते ठाऊक असण्याची माझी पायरीही नव्हती. माझे काम एवढेच होते की आजीने सांगितलेले जसेच्या तसे पुढे पोचवायचे. तेवढेच झाले नाही. आजी वाचली. पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा राहिला, असे डॉक्टर नंतर बोलल्याचे कानावर आले.

पानशेतच्या माणसांना उशिरा पोचलेल्या निरोपाची किंमत सांगावी लागत नाही. 12 जुलै 1961 रोजी आमचे मातीचे धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि पाणी पुण्यात शिरले. आजोबा म्हणायचे, "निरोप पाण्याच्या एक पाऊल पुढं पायजे." त्या रात्री हॉस्टेलच्या खाटेवर मला ते वाक्य सारखे आठवत होते. माझा निरोप दोन तास मागे राहिला होता.

आज मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवते. 2021च्या नव्या अभ्यासक्रमात भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रातच संवादाचे इंग्रजी ठेवले आहे. चांगले झाले. पण इंग्रजी म्हणजे फाडफाड बोलणे अशी समजूत अजून जात नाही. मी मुलींना सांगते, भाषा कच्ची असली की बोलताना फजिती होते, तेवढ्यावर भागत नाही. आपण जे पाहिले ते न लिहिता, जे लिहिता येते तेच लिहितो. खरा धोका तो.

म्हणून त्यांच्याकडून एक वही करून घेते. पहिल्या रकान्यात रोग्याचा शब्द, दुसऱ्यात साधी मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. तिसरा रिकामा राहिला तरी चालेल, पहिला रिकामा राहता कामा नये. रोग्याचे म्हणणे अवतरणात त्याच्याच शब्दांत लिहिण्याची रीत नर्सिंगच्या नोंदीत आहेच. इंग्रजी सुचले नाही तर देवनागरीत लिही आणि सिस्टरांना वाचून दाखव. निरोप देताना चार पायऱ्या : आत्ता काय होतंय, आधीचं काय, मला काय दिसलं, तुमच्याकडून काय हवं. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून इस्पितळांत आली म्हणतात. फोनवर सांगितलेले औषध लिहून परत वाचून दाखवायचे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' कानाला सारखे वाटतात, म्हणून 'एक-पाच' की 'पाच-शून्य' हे विचारून घ्यायचे. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसते 'यू' काढायचे नाही. ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात.

पुस्तक वाचायचे तेही तसेच. शब्द पाठ करण्याऐवजी फोडायचा. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त. एका अक्षराच्या गफलतीने साखर उतरलेल्याला इन्सुलिन गेले, तर जीव जाऊ शकतो. एक पान वाचून झाले की पुस्तक मिटायचे आणि शेजारणीला आपल्या घरच्या बोलीत समजावून सांगायचे. जमले तर कळले. नाहीतर पुन्हा उघडायचे. दुसरीच्या वहीतून उतरवून आणलेला निबंध मी परत करते. अक्षर कितीही सुंदर असो, त्यात तुझे समजणे कुठे आहे?

मुलींना वाटते, त्यांच्या घरची बोली ही वॉर्डाच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची वस्तू आहे. मलाही तसेच वाटले होते. आता वाटते, त्या संध्याकाळी माझ्यापाशी जे एकमेव उपयोगाचे ज्ञान होते, ते मावळी मराठीचे होते आणि मला त्याचीच लाज वाटली. अम्मीचे 'सुनके ले' मी अर्धेच पाळले. ऐकून घेतले, पण ऐकलेले सांभाळले नाही.

परवा तासाला वेल्ह्याकडची एक मुलगी उभी राहिली. मी नुकतेच विचारले होते, "कळलं का सगळ्यांना?" वर्गभर नेहमीचा 'हो' उमटला होता. ती म्हणाली, "मॅडम, मला नाही कळलं. पुन्हा सांगा ना."

मी खडू उचलला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.