आखाजीचा बर्गर

आखाजीच्या दिवसांत आमच्या खानदेशातल्या एस.टी.च्या गाड्या माहेरवाशिणींनी भरून वाहतात. अक्षय्य तृतीया हे या सणाचे पोथीतले नाव. आम्ही आखाजीच म्हणतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि चुलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आमच्या घरापुरता मात्र या रिवाजाचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. बहीण धुळ्याला दिलेली आणि बायको धुळ्याची केलेली. त्यामुळे आक्का धुळ्याहून जळगावला येते त्याच दिवशी आमची ही जळगावहून धुळ्याला जाते. पारोळ्याच्या किंवा एरंडोलच्या आसपास कुठेतरी नणंद आणि भावजय एकमेकींना ओलांडत असतील. दोघींपैकी कोणालाच त्या दिवसांत स्वयंपाक करायचा नसतो. मग करायचा कोणी?

सणाच्या दिवशी प्रश्न पडत नाही. आईचे वय आज पंचाहत्तरीच्या घरात आहे, पण आखाजीचे मांडे ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही. पालथ्या खापरावर हाताने फिरवत फिरवत टाकलेला तो पुरणाचा मांडा पाहिला की तिचे वय कोणी सांगू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिचे मनगट बोलू लागते. गेल्या आखाजीला त्या दुसऱ्या दिवशीच आमच्या भाचेबुवांनी फर्मान काढले, "मामा, आज ट्रॉपिकल बर्गर कर."

भाचेबुवा सातवीत आहेत. धुळ्याच्या हमरस्त्यावर कुठेसे त्यांनी तो खाल्ला होता. पावात टिक्की, टिक्कीवर अननसाची चकती, त्यावर काहीतरी गोड, काहीतरी तिखट. "आणि त्याला ट्रॉपिकल का म्हणायचे?" मी विचारले. मास्तरकीची खोड, दुसरे काय! "म्हणजे हवाईसारखा," तो म्हणाला, आणि मोबाइलवर त्याने मला निळा समुद्र, नारळाची झाडे आणि त्यांच्या सावलीत ठेवलेला एक भलामोठा बर्गर दाखवला.

भिंतीवर नकाशा होताच. कन्येला आणि भाच्याला त्याच्यापुढे उभे केले. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशावर. बोट तसेच डावी-उजवीकडे सरकवत नेले, पॅसिफिक महासागर आला, आणि बोट हवाईच्या बेटांवर टेकले. होनोलुलू २१ अंशांच्या किंचित वर. धुळे तर त्यांच्या मौई बेटाच्याच रांगेत. कर्कवृत्त या साऱ्यांच्या उत्तरेला. "म्हणजे आपणही ट्रॉपिकल?" कन्येने डोळे मोठे करून विचारले. बाहेर त्या वेळी पारा ४४ वर गेला होता. उत्तर देण्याची गरज नव्हती.

तसे पाहिले तर या बर्गरात खास हवाईचे असे काय आहे? बर्गर हे नाव हॅम्बुर्ग या जर्मन बंदरावरून आलेले. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. हवाईत त्याचे मोठमोठे मळे झाले ते विसाव्या शतकात, आणि डबाबंद चकत्या जगभर गेल्या म्हणून लोकांना तो तिथलाच वाटू लागला. आपल्याकडे अननस, मिरची, पपई आणि बटाटा आणला तो पोर्तुगिजांनी. अननस, बटाटा आणि पाव हे शब्दही त्यांच्याच जहाजांतून उतरले. उलट केळे इकडचे. आशियातून आफ्रिकेत गेले, आणि १५१६ साली एका स्पॅनिश धर्मगुरूने ते अटलांटिकपलीकडे नेले, असे इतिहास सांगतो. सगळेच पदार्थ आपापले माहेर सोडून आलेले. पण हे व्याख्यान ऐकायला भाचेबुवा थांबले नव्हते. ते पिशवी घेऊन दारात उभे होते.

बाजारात अननस मिळाला तो असा की त्याच्याकडे पाहूनच दात आंबावेत, आणि किंमत अशी की दात खाण्याची वेळ यावी. शेजारच्याच गाडीवर केळ्यांचे घड लटकत होते. कच्ची, हिरवी केळी आणि नुकती पिवळी होऊ लागलेली, दोन्ही. माझ्या मनात विचार येऊन गेला, आणि लगेच पाय जागच्या जागी थबकले. कारण आमच्या घरात केळे येत नाही.

जळगावच्या घरात केळे येत नाही म्हटल्यावर कोणीही हसेल. ज्या जिल्ह्याच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याच्या रावेर-सावद्याच्या स्टेशनांतून केळी भरून गाड्या दिल्लीकडे जात आल्या, त्या जिल्ह्यात! पण तसे आहे खरे. आमची रावेर तालुक्यात तीन एकर बाग होती. पाच हजार खोडे. नवती, पिलबाग, कांदेबाग हे शब्द मी मुळाक्षरांच्या आधी शिकलो. मी नोकरीला लागलो त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी वादळ आले. पंधरा मिनिटांचे असेल. केळीला खोड म्हणतात खरे, पण ते लाकूड नव्हे. पानांच्या देठांचीच ती गुंडाळी. वर वीस-पंचवीस किलोंचा घड आणि खाली पाण्याने भरलेली ती गुंडाळी. वारा आला की तिने उभे राहायचे कशाच्या बळावर? बांधावरची शेवरीसुद्धा वाकून गेली. सकाळी बागेत गेलो तर समोरच्या शेतातले घर दिसत होते. एरवी ते कधीच दिसत नसे. कापणीला तीन आठवडे राहिलेले घड चिखलात पडले होते. तसल्या मालाला व्यापारी हात लावत नाही. गुरांनी किती खावे?

दादा बागेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. काही बोलले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत कर्जापायी आधी दीड एकर आणि मग उरलेली जमीन गेली. मग दादाही गेले. आम्ही आईला जळगावला आणले. तेव्हापासून तिने केळे तोंडात घातले नाही. शपथ घेतली असेही नाही. सत्यनारायणाच्या प्रसादात केळे असतेच. ती प्रसाद डोळ्यांना लावते आणि शेजारी बसलेल्या पोराच्या हातावर ठेवते. वीस वर्षांत तिला कोणी कारण विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. आमच्या हिने लग्नानंतर एकदाच शिकरण केले होते. आई पानावरून उठली नाही. पण जेवलीही नाही.

त्या दिवशी मी केळी का घेतली, ते मला नीट सांगता येणार नाही. पोरांपुढे खिशाची लाज वाटली हे एक. आणि आई दुपारी झोपते, आक्का मैत्रिणींकडे झोक्यावर जाणार, तेव्हा कोणाला कळणार, हा दुसरा, फारसा शोभिवंत नसलेला विचार. सहा कच्ची, तीन पिवळी केळी आणि बेकरीतून आठ बन घेऊन आम्ही चोरासारखे मागच्या दाराने घरात शिरलो.

चोराला स्वयंपाक येत नसेल तर तो सापडतोच. मी कच्च्या केळ्याचा शेंडा सुरीने उडवला आणि साल ओढू लागलो. साल निघेना. चीक मात्र निघाला. हातावर, सुरीवर, पांढऱ्या बनियनवर. कन्या म्हणाली, "बाबा, हात चिकट झाले," आणि भाच्याने उपदेश केला, "साबण लाव." नेमकी त्याच वेळी आई दारात येऊन उभी राहिली.

ती केळ्यांकडे पाहत होती असे मला वाटले. पण ती माझ्या बनियनकडे पाहत होती.

"आज नही दिसणार," ती म्हणाली, "उद्या काळं पडीन. मग ते कशानंच जात नही. तुझ्या दादांचे सारे सदरे असेच झालते."

मी सुरी खाली ठेवली. काय बोलावे ते सुचेना. भाचेबुवांना या घरातले काहीच ठाऊक नव्हते. ते आनंदाने म्हणाले, "आजी, आम्ही बर्गर करतोय. केळ्याचा!"

"असं सोलता व्हय कच्चं केळं?" आई म्हणाली. तिने पदर खोचला. "हाताले तेल लाव आधी. आन् सालासकट उकड."

पुढचे सारे तिने केले. आम्ही तिघे हाताखालचे गडी. बर्गर हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. तिच्या लेखी ते वडे होते. केळी सालासकट उकडली, गार होऊ दिली, मग साल आपण होऊन सुटली. गर किसून घेतला. घोटून चिकट करायचा नाही, हे तिने मला दोनदा बजावले. बांधायला मी डाळीच्या पिठाचा डबा काढला तर तिने तो बाजूला सारून कळण्याचे पीठ मागितले. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेले, आमच्या भाकरीचे पीठ. दोन मुठी पीठ कोरडेच तव्यावर खरपूस भाजून गरात मिसळले. कच्चे घातले तर उडीद जिभेला लागतो. लसूण, जिरे, कोथिंबीर, मीठ, आणि आक्काने येताना आणलेल्या दोंडाईच्याच्या लाल मिरचीचे भरड तिखट. सहा केळ्यांच्या तळव्याएवढ्या आठ टिक्क्या झाल्या. थोड्या तेलावर दोन्ही अंगांनी लाल होईपर्यंत त्या हलवायच्या नाहीत. हलवल्या की मोडतात. पहिली मी हलवली. मोडली. ती आचाऱ्याची म्हणून मीच खाल्ली.

आता अननसाची जागा. पिवळ्या पण घट्ट केळ्यांच्या उभ्या फाका करून तुपावर टाकल्या, वर चिमूटभर गूळ. गूळ वितळून कडा तांबूस झाल्या की लगेच उतरवायच्या, नाहीतर करपून कडू होतात. वर लिंबाचे दोन थेंब. घरात त्या वासाने जे काही झाले ते मी कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापले असते. आक्का झोक्यावरून उठून आली.

तव्यावर तूप लावून भाजलेला बन, त्याला आतून कैरीचा मेथांबा, मग टिक्की, तिच्यावर गुळातले केळे, कांद्याची चकती आणि सर्वांत वर तळलेल्या बिबडीचा तुकडा. बिबडी ही आईची सूचना. "मऊवर मऊ कशाले? काही कुरकुर नको?" उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा डबा नुकताच भरलेला होता. भाचेबुवांनी पहिला घास घेतला, आणि त्यांच्या गालावरून मेथांबा ओघळला. धुळ्याच्या हमरस्त्यावरच्या बर्गरपेक्षा हा चांगला आहे का, हे मी विचारले नाही. त्याने दुसरा मागितला.

शेजारचे एक निवृत्त शिक्षक वास घेत डोकावले. गोड आणि तिखट एका घासात हा त्यांना अधर्म वाटला. मला मोठी गंमत वाटली. आदल्याच दिवशी त्यांनी आमच्याकडे पुरणाचा मांडा आमरसात बुडवून खाल्ला होता, त्यावर झणझणीत रशीची वाटी तोंडाला लावली होती आणि मध्ये मध्ये कुरडई मोडली होती. एका ताटात चालते ते एका पावात का चालू नये? त्यांनी यावर विचार करण्यासाठी अर्धा बर्गर मागून घेतला.

आई चुलीपाशीच बसली होती. सगळ्यांचे झाल्यावर आक्काने एक बन तिच्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. आई म्हणाली, "पाव नको. मले पाव दातात बसतो." आक्काने पाव काढला. खाली टिक्की उरली आणि तिच्यावर ती तांबूस फाक. आईने फाक बोटाने किंचित बाजूला सारली, टिक्कीचा तुकडा मोडून खाल्ला. मीठ बरोबर आहे म्हणाली. मग काही वेळ ती नुसतीच बसून राहिली. पोरे नकाशापाशी हवाई शोधत होती. मी तवा घासण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली. पुन्हा वळून पाहिले तेव्हा ताटलीत फाक नव्हती.

"श्रीमंतीचं नही हे," ती म्हणाली, "आता सारे ते नव्या रोपांचंच लावता. गोड हाय, पण आपल्या केळ्याचा वास नही."

आक्का हसू लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. आई उठून आवराआवर करू लागली. उकडलेल्या केळ्यांची साले मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर टाकली होती. बकरीला घालायची म्हणून तिने ती गोळा केली, आणि कागद चुरगळायच्या बेतात असताना थांबली. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत केळीचे भाव रोज छापून येतात. आईला वाचता येत नाही. पण त्या चौकटीची जागा तिला वीस वर्षांनंतरही ठाऊक होती. तिने ओला कागद पदराने टिपला आणि माझ्यापुढे धरला.

"काय भाव चालू हाय रावेरले? वाच बरं."