पिशवी लागणार की नाही

माझ्या थोरल्या चुलत्यांना, तात्यांना, गुदाशयाचा कर्करोग निघाला. त्यांनी एकच विचारलं, ‘पिशवी लागणार का?’ गाठ अगदी खाली असली तर ऑपरेशनमध्ये गुदद्वारही काढावं लागतं आणि पोटावर कायमची पिशवी येते. आमच्या अंथुर्ण्यातून दर आषाढीला तुकोबांची पालखी जाते आणि तात्या तिच्याबरोबर पंढरपूर गाठतात. पिशवी लावून पंगतीत कसं बसायचं, ही त्यांची धास्ती.

उपचार ठरलेले : अठ्ठावीस दिवस रेडिएशन, सोबत केमोच्या गोळ्या, मग दोनेक महिने थांबून एमआरआय आणि त्यानंतर निर्णय. म्हणजे उत्तराला तीन-चार महिने.

ते आधी कळावं म्हणून संशोधक ‘डिफ्युजन’ एमआरआयकडे बघताहेत. त्यात पेशींमधल्या पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते मोजतात. गाठीत पेशींची दाटी असते, पाणी अडकून राहतं. पेशी मरू लागल्या की ते मोकळं होतं. गाठ आकाराने तेवढीच असली तरी हा बदल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसू शकतो.

याला महत्त्व आलं ते ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांच्यामुळे. २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रेडिएशन-केमोनंतर ७१ जणांची गाठ तपासणीत उरलीच नव्हती. त्यांचं ऑपरेशन न करता नियमित तपासण्या ठेवल्या. आता हा मार्ग जगभर स्वीकारला जातोय. मात्र अशा रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाची गाठ पुन्हा उगवते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून तपासण्या चुकवून चालत नाही.

तात्यांच्या डॉक्टरांना मी विचारलं, तिसऱ्या आठवड्यात एमआरआय करायचा का? ते म्हणाले, ‘अंदाज येईल, पण त्यावर ऑपरेशन रद्द करणार नाही.’ यंत्रागणिक आकडे बदलतात, आतड्यातल्या हवेने चित्र बिघडतं. शिवाय रेडिएशनचं काम ते संपल्यावरही आत चालूच असतं.

मला वाटतं, लवकर कळण्याचा खरा उपयोग ज्यांची गाठ दाद देत नाही त्यांना होईल. अंदाज पक्का झाला, तर त्यांचे उपचार वेळेत बदलता येतील.

घरी आल्यावर तात्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘पिशवी लागली तर शर्टाच्या आत राहते ना? मग झालं.’

अजून तेरा दिवसांचं रेडिएशन बाकी आहे.